समजले किती, हे कसे पाहावे?
जीवशास्त्राच्या प्राथमिक संकल्पनांची पारख

कनिष्ठ महाविद्यालयात वा पदवीच्या पहिल्या वर्षात जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या विचारली, तर तो ती बहुधा बिनचूक सांगतो. परासरण, अप्रभावी जनुक, नैसर्गिक निवड या शब्दांचे अर्थही त्याला पाठ असतात. परंतु हीच संकल्पना नित्याच्या व्यवहारातील प्रश्नाच्या रूपाने पुढे आली म्हणजे पुष्कळदा तो अडखळतो. व्याख्या पाठ असणे आणि संकल्पना समजणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तपासणे सोपे असते; दुसरी तपासावयाची तर प्रश्न विचारपूर्वक तयार करावा लागतो.

हा विषय केवळ महाविद्यालयापुरता मर्यादित नाही. आजचा विद्यार्थी उद्या शिक्षक, कृषि सहायक, आरोग्यसेवक किंवा ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. अतिसार झालेल्या बालकाला काय पाजावे, विवाहापूर्वी रक्ततपासणी का करावी, कपाशीवरील अळी औषधाला का जुमानत नाही, या प्रश्नांची उत्तरे जीवशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतात. ती समजली नसतील तर त्याची किंमत गुणपत्रिकेत नव्हे, तर घरात आणि शेतात मोजावी लागते.

मनातील जुनी समजूत

विद्यार्थ्याचे मन कोरी पाटी नसते. वर्गात येण्यापूर्वीच सृष्टीविषयी त्याच्या काही समजुती तयार झालेल्या असतात. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे याचा शिकण्यावर सर्वाधिक परिणाम होतो. म्हणून ते प्रथम शोधून काढावे आणि त्यानुसार शिकवावे. जुनी समजूत उघडकीला आली नाही, तर नवे ज्ञान तिच्यावर नुसते पसरते. परीक्षा संपली की वरचा थर निघून जातो आणि जुनी समजूत पुन्हा वर येते.

ही समजूत उघड करणारा प्रश्न कसा असतो, हे पुढील चार उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिला प्रश्न : झाडाचे वजन येते कोठून?

बियांपासून वाढलेल्या झाडाचा वाळलेला ओंडका १०० किलोग्रॅम भरतो. त्यातील बहुतेक द्रव्य झाडाने कोठून मिळविले? (अ) मातीतून व क्षारांतून, (आ) मुळांनी शोषलेल्या पाण्यातून, (इ) हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून, (ई) सूर्यप्रकाशातून.

मातीतून, हे उत्तर मनाला सहज पटते. परंतु सतराव्या शतकातच ब्रुसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्ट फान हेल्माँट यांनी ते तपासून पाहिले होते. २०० पौंड कोरड्या मातीत त्यांनी ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. अखेरीस झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती मात्र केवळ २ औंसांच्या आसपास घटली. हा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासून बनले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मातीविषयीचे त्यांचे म्हणणे बरोबर होते, पाण्याविषयीचे अपुरे. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी सूर्यप्रकाशाचे कार्य दाखवून दिले आणि १८०४ मध्ये निकोला-तेओदोर द सोस्यूर यांनी वनस्पतीच्या वाढीत कार्बन डायऑक्साइड व पाणी या दोहोंचा वाटा मोजून सिद्ध केला.

हवेत हा वायू फक्त सुमारे ०.०४ टक्के असतो. तरीही (इ) हेच योग्य उत्तर होय, कारण लाकडातील कार्बन आणि प्राणवायूचा मोठा भाग त्यातूनच येतो. चुकीच्या पर्यायांचे महत्त्वही कमी नाही. (अ) निवडणारा विद्यार्थी खनिज क्षारांना झाडाचे अन्न समजतो. (आ) निवडणारा हेल्माँट यांच्या पायरीवर थांबला आहे. (ई) निवडणाऱ्याचा द्रव्य आणि ऊर्जा यांत गोंधळ झाला आहे. उत्तर चुकले एवढे कळणे पुरेसे नाही. ते कोठे चुकले, हे शिक्षकाला कळले पाहिजे.

दुसरा प्रश्न : पाकीट एक, पाणी किती?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. पेशीपटलातून पाणी कमी तीव्रतेच्या द्रावणाकडून अधिक तीव्रतेच्या द्रावणाकडे जाते, यालाच परासरण म्हणतात. ही व्याख्या पाठ असलेल्या विद्यार्थ्याला असे विचारावे : जलसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एखाद्या मातेने बाळाला लवकर गुण यावा म्हणून एका पेल्यात कालवून पाजले, तर काय होईल?

जास्त दाट म्हणजे जास्त गुणकारी, असे ज्याला वाटते त्याला परासरण समजलेले नाही. अतितीव्र द्रावण आतड्यात गेले की पाणी शरीरातून आतड्याकडे ओढले जाते, जुलाब वाढतात आणि बाळाचे शरीर अधिकच शुष्क होते. शिवाय रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून पाकिटावर लिहिलेले पाण्याचे माप काटेकोरपणे पाळावयाचे असते.

याला जोडून दुसरा प्रश्न विचारता येतो : जलसंजीवनीत साखर कशासाठी? चवीसाठी, हे उत्तर नेहमी येते. वस्तुतः आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्र आत घेणारी व्यवस्था असते. हे दोन्ही आत गेले की त्यांच्यामागून पाणी आत जाते. अतिसारातही ही व्यवस्था बहुतांशी शाबूत राहते, हेच या उपचाराचे मर्म आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी हा उपचार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. त्या वेळी पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडत असताना, साध्या पिंपांतून पाजलेल्या द्रावणाने हे साधले.

तिसरा प्रश्न : पहिले मूल आजारी, पुढची तीन सुखरूप?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि खानदेशातील नंदुरबार अशा जिल्ह्यांत आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. रक्ततपासणी आणि समुपदेशन हे तिचे दोन आधार होत. तपासणी यंत्र करते, परंतु समुपदेशन ते करणाऱ्याच्या समजेवर अवलंबून असते.

पाठ्यपुस्तक सांगते की, आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर अपत्यांचे प्रमाण एकास दोनास एक असे येते : एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी. आता प्रश्न असा : अशा दांपत्याचे पहिले मूल आजारी निघाले. पुढील तीन मुलांविषयी काय सांगता येईल?

चारात एक आजारी असावयाचे, ते होऊन गेले, आता तीन सुखरूप, असे उत्तर चांगले गुण मिळविणाऱ्यांकडूनही येऊ शकते. हे उत्तर सर्वथा चूक आहे. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी आजारी अपत्याची शक्यता पुन्हा २५ टक्केच असते. आधीच्या अपत्याचा तिच्याशी संबंध नसतो. वर्गात हे दोन नाण्यांनी दाखविता येते. एक नाणे आईचे, एक वडिलांचे. दोन्ही काटा पडले तर आजारी अपत्य, एकच काटा पडला तर वाहक, दोन्ही छापा पडले तर निरोगी. एकदा दोन काटे पडले म्हणून पुढच्या वेळी नाणी ते लक्षात ठेवीत नाहीत. हिशेब केला तर चार अपत्यांपैकी एकही आजारी नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के येते. म्हणजेच निदान एक अपत्य आजारी असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. चुकीचा दिलासा मिळालेले कुटुंब पुढील गर्भधारणेत तपासणी टाळते, हा या चुकीचा खरा धोका होय.

याच विषयावर आणखी दोन उपप्रश्न विचारण्यासारखे आहेत. वाहक व्यक्तीचा विवाह हे जनुक नसलेल्या व्यक्तीशी झाला, तर अपत्य आजारी होईल का? उत्तर, नाही, प्रत्येक अपत्य वाहक असण्याची शक्यता मात्र ५० टक्के राहील. वाहक म्हणजे रोगी का? याचेही उत्तर नाही असेच आहे. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही. एवढे स्पष्ट असेल तर वाहक मुलीला वा मुलाला गावात दूषण दिले जाणार नाही.

चौथा प्रश्न : अळीला सवय झाली काय?

भारतात बीटी कपाशीच्या लागवडीस २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन विषद्रव्ये असलेले वाण २००६ मध्ये आले. परंतु पुढील दशकात गुलाबी बोंडअळी दोहोंनाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. हे का घडले?

अळीला विषाची सवय झाली, हे उत्तर बोलण्यात सर्रास येते आणि उत्तरपत्रिकेतही येते. ते उत्क्रांतीविषयीच्या मूळ गैरसमजाचे द्योतक आहे. एकेका अळीने स्वतःला बदलून घेतले असे घडत नाही. असंख्य अळ्यांपैकी थोड्या अळ्यांत विषाला तोंड देणारे जनुकीय वैशिष्ट्य असते. विषाने बाकीच्या मरतात, या वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. बदलते ती समष्टी.

हा भेद समजला म्हणजे बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या ओळी का लावावयास सांगतात, हे समजते. त्या ओळींवर विषाला बळी पडणारे पतंग जगतात. प्रतिकारक्षम पतंगांचा त्यांच्याशी संकर झाला म्हणजे प्रतिकारक्षमता वेगाने वाढत नाही. ज्याला सवयीचीच कल्पना आहे, त्याला या ओळी म्हणजे जमीन वाया घालविणे वाटते. प्रतिजैविक औषधे अर्धवट किंवा विनाकारण घेतल्याने दाद न देणारे जंतू वाढतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

प्रश्न तयार करताना

अशा चाचण्यांचा अभ्यास आता बराच पुढे गेला आहे. परासरण व विसरण या विषयावर ओडम आणि बॅरो यांनी १९९५ मध्ये दोन टप्प्यांची चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या टप्प्यात उत्तर निवडावयाचे आणि दुसऱ्यात त्या उत्तराचे कारण. याचा लाभ गणितानेही दिसतो. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २५ टक्के असते. कारणाचेही चार पर्याय असतील तर ती सुमारे ६ टक्क्यांवर येते. नैसर्गिक निवड या विषयावर २००२ मध्ये आणि आनुवंशिकतेवर २००८ मध्ये अशाच संकल्पना-चाचण्या अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या.

आपल्याकडील शिक्षकांना त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. पुढील चार गोष्टी पुरेशा आहेत :

१. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच तोंडच्या शब्दांत लिहावेत. सहज ओळखू येणारा खोटा पर्याय निरुपयोगी असतो.

२. तोच प्रश्न धडा शिकविण्यापूर्वी व शिकविल्यानंतर विचारावा. दोन उत्तरांतील फरक हे शिकविण्याचे खरे माप होय.

३. उत्तरे आल्यावर ती लगेच न सांगता विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी चर्चा करू द्यावी आणि पुन्हा मत घ्यावे. कारण सांगताना स्वतःची चूक स्वतःला दिसते.

४. अशा चाचणीचे गुण वार्षिक निकालात धरू नयेत. गुण जाण्याची भीती असेल तर विद्यार्थी मनातील समजूत लपवितो आणि चाचणीचा हेतूच नष्ट होतो.

गावपातळीवर उपयोग

ही रीत महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरही उपयोगी पडते. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि कृषि सहायक यांच्या प्रशिक्षणाच्या शेवटी, माहिती समजली का, असे विचारले तर सर्वजण होकार देतात. त्याऐवजी वरच्यासारखे दोन प्रश्न विचारले तर दहा मिनिटांत खरे चित्र पुढे येते. ग्रामसभेत आरोग्य वा कृषी विषयावर व्याख्यान ठेवणाऱ्या सरपंचांनी वक्त्याला असे एक-दोन प्रश्न श्रोत्यांपुढे मांडावयास सांगावे. ज्या गावात सिकलसेल तपासणी व्हावयाची असेल तेथे दोन नाण्यांचा खेळ तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत घ्यावा. मुले तो घरी जाऊन दाखवितील.

परीक्षेचा उद्देश विद्यार्थ्यांची क्रमवारी लावणे एवढाच मानला, तर पाठांतराचे प्रश्न पुरतात. पाकीट लिटरभर पाण्यातच का कालवावयाचे, हे आपल्या शब्दांत सांगू शकणारी व्यक्ती प्रत्येक वस्तीत असावी, असा उद्देश असेल तर समजुतीचे प्रश्न विचारावे लागतील. हे काम शिक्षकांनी पुढील धड्यापासूनच हाती घ्यावे आणि स्थानिक लोकप्रतिनिधींनी त्याला साथ द्यावी.