वाडी जंक्शन : गाड्या पाहण्याचा अभ्यास

आगगाडीत बसणे आणि आगगाडी पाहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बसणाऱ्यास आपले गाव कधी येते एवढीच चिंता असते. पाहणाऱ्यास मात्र इंजिनाची जात, डब्यांची संख्या, गाडीचा क्रमांक, तिचा उशीर, ह्या साऱ्यांत रस असतो. इंग्लंडात हा छंद फार जुना. तेथे इयन ॲलन ह्या रेल्वेच्या नोकराने 1942 साली इंजिनांच्या क्रमांकांची एक चिमुकली पुस्तिका छापली, आणि शाळकरी मुले वही-पेन्सिल घेऊन फलाटावर ठाण मांडून बसू लागली. अलीकडे काही ठिकाणी विमानतळालगतच रेल्वेचे स्थानक असल्याने हौशी मंडळींची दुहेरी चंगळ होते. आपल्याकडे चेन्नईस विमानतळासमोरच तिरुशूलम हे स्थानक आहे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत विमाने आली ती अगदी अलीकडे : कलबुर्गीस नोव्हेंबर 2019 मध्ये आणि बीदरला फेब्रुवारी 2020 मध्ये. परंतु आगगाडी पाहावयाची तर मुडबीकरांनी विमानतळाकडे कशाला पाहावे? कलबुर्गीच्या पुढे काही कोसांवर वाडी जंक्शन आहे, आणि सीमाभागातील विद्यार्थ्यांस त्याहून चांगली शाळा मिळणे कठीण.

हे जंक्शन तेथेच का झाले, हे नकाशा पुढे घेऊनच समजून घ्यावे. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पुढे बोरघाट चढून ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ सोलापूर, गुलबर्गा असे सरकत 1871 साली रायचूरला पोहोचले आणि तेथे मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाले. मुंबई आणि मद्रास अशा रीतीने जोडली गेली. गंमत अशी की, हा मार्ग निजामाच्या मुलखातून गेला, पण निजामाची राजधानी बाजूलाच राहिली. सालारजंग पहिले हे तेव्हा हैदराबादचे दिवाण होते. मुख्य मार्गाला गाठणारा एक फाटा राजधानीकडून काढावयाचे ठरले, आणि तो जेथे येऊन मिळाला ते ठिकाण वाडी. सिकंदराबाद ते वाडी हा मार्ग 1874 साली खुला झाला. मुंबईपासून सुमारे सहाशे किलोमीटरवरील एका लहानशा गावाचे नाव अशा प्रकारे साऱ्या दक्षिण हिंदुस्थानच्या वेळापत्रकात शिरले.

ह्या फाट्याच्या पैशाची कथा पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून येथे थोडी विस्ताराने सांगतो. रूळ निजाम सरकारच्या खर्चाने पडले. पुढे हा मार्ग वरंगळ व चांद्याच्या कोळशाच्या मुलखाकडे वाढविण्याची योजना निघाली. तीत लंडनमध्ये कंपनी उभारावयाची आणि तिच्या भांडवलावर शेकडा 5 व्याजाची हमी हैदराबादच्या तिजोरीने वीस वर्षे द्यावयाची, असे ठरत होते. म्हणजे गाडीस तोटा झाला तरी भागीदारांचे व्याज चुकावयाचे नाही. ते शेवटी रयतेच्या साऱ्यातून जावयाचे. ही योजना लोकांपुढे मांडा, तिची चर्चा होऊ द्या, अशी मागणी हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी 1883 साली केली. त्यांत सरोजिनी नायडू यांचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे प्रमुख होते. त्यांना उत्तर मिळाले ते हद्दपारीचे! चांदा रेल्वेचे आंदोलन म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे, आणि हैदराबाद संस्थानातील लोकजागृतीचा आरंभ पुष्कळ अभ्यासक येथूनच धरतात. रेल्वेच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारणे हा त्या काळी केवढा गुन्हा होता, हे ह्यावरून दिसेल. कंपनी व्हावयाची ती झालीच. तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. 1889 पर्यंत तिचे रूळ बेझवाड्यास पोहोचले, आणि 1930 साली निजाम सरकारने ती रेल्वे आपल्या ताब्यात घेतली.

स्वातंत्र्यानंतरचे फेरबदल थोडक्यात असे : 5 नोव्हेंबर 1951 रोजी जुनी पेनिन्सुला कंपनीची रेल्वे व निजामाची रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली, 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली, तेव्हा सोलापूर विभाग तिच्याकडे गेला, 1977 साली तो पुन्हा मध्य रेल्वेकडे आला. म्हणून आज वाडीस मध्य आणि दक्षिण मध्य अशा दोन रेल्वेंची हद्द लागते. सीमा म्हटली की आमच्या भागातील माणसाचे कान टवकारतात. पण ही सीमा ओलांडताना प्रवाशाच्या हातातील चहासुद्धा हिंदकळत नाही.

आता फलाटावर येऊ. प्रथम गाडीचा क्रमांक पाहावा. 2010 च्या डिसेंबरपासून हे क्रमांक पाच अंकी झाले आहेत. मुंबई-बेंगळुरू उद्यान एक्सप्रेस 11301 आहे; तिच्यातील दुसरा अंक 1 हा मध्य रेल्वेचा. मुंबई-हैदराबाद हुसेनसागर एक्सप्रेस 12701 आहे. 12 ने आरंभ होणाऱ्या अतिजलद गाड्यांत रेल्वेचा अंक तिसरा असतो, आणि 7 हा दक्षिण मध्य रेल्वेचा. बेंगळुरूहून दिल्लीस जाणारी कर्नाटक एक्सप्रेस 12627 आहे. तिच्यातील 6 दक्षिणेचा. परतीच्या गाडीस पुढचा सम अंक मिळतो. एवढे कळले की क्रमांक हा नुसता आकडा राहत नाही, पत्ता होतो. सोलापूरकडून आलेली उद्यान येथून रायचूरकडे वळते आणि हुसेनसागर चित्तापूर, सेडमवरून तांडूरकडे. दोन वाटा फुटतात त्या जागी उभे राहून हे पाहण्यात जी मौज आहे ती घरी वेळापत्रक वाचून येत नाही.

इंजिनावरील अक्षरेही वाचता येतात. डब्ल्यू म्हणजे रुंद रूळ, पाच फूट सहा इंच अंतराचे. दुसरे अक्षर डी असेल तर डिझेल, ए असेल तर विजेच्या तारेवर चालणारे. पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल, एम म्हणजे दोन्ही. ‘डब्ल्यूएपी-7’ म्हणजे काय हे आता कोणासही सांगता येईल. इंजिनाच्या अंगावर त्याच्या घराचे, म्हणजे शेडचे, नाव असते : कल्याण, लालागुडा, रायपुरम. डब्याच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक तो बांधल्याचे वर्ष सांगतात. आपल्यापेक्षा वयाने मोठा डबा शोधून काढण्याचा खेळ लहानग्यांस फार आवडतो.

मालगाड्यांस कमी लेखू नये. आमच्या मते वाडीचे खरे वैभव त्याच आहेत. हा प्रदेश चुनखडीचा, शहाबादी फरशीचा. वाडीचा सिमेंटचा मोठा कारखाना 1968 साली सुरू झाला. उघडे उंच डबे ‘बॉक्सएन’, त्यांत कोळसा. बंद डबे ‘बीसीएन’, त्यांत सिमेंट वा धान्य. गोल टाक्या ‘बीटीपीएन’, त्यांत तेल. डबे मोजीत जावे, आणि शेवटच्या डब्यामागील खूण दिसली की वहीत रेघ ओढावी. ती खूण पाहण्यासाठी स्थानकावरील माणूसही उभा असतो. ती दिसली तरच गाडी अखंड आली, वाटेत डबा सुटला नाही, असे समजतात.

आणि डब्यांबरोबर माणसेही पाहावीत. साधारण वर्गाच्या डब्यापाशी गाठोडी, स्टोव्ह आणि लेकरे घेऊन उभी असलेली कुटुंबे ह्याच दोन जिल्ह्यांतील असतात. पाऊस दगा देतो तेव्हा ती मुंबईस, पुण्यास वा हैदराबादेस कामाला निघतात. वहीत इंजिनाचा क्रमांक लिहिला आणि हे लिहिले नाही, तर ती नोंद अपुरी होय.

बीदर-कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा मार्ग 29 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाला, त्यामुळे हुमनाबाद व कमलापूरकडील मुलांस आता गाडीनेच कलबुर्गी गाठता येते. मुडबीकरांनी मोटारीने कलबुर्गीस यावे, तेथून वाडीपर्यंतचे तिकीट काढावे. जाताना वडीलधारे माणूस बरोबर असावे. पिवळ्या रेषेच्या आत राहावे आणि रूळ ओलांडावयाचे ते पुलावरूनच. रुळांवर शिरणे हा 1989 च्या रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची वीज खेळत असते. वही आडव्या रेघांची घ्यावी. पाच रकाने पुरतात : वेळ, गाडीचा क्रमांक, इंजिन व त्याची शेड, डबे, शेरा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवावा.