बांधाचा तंटा आणि गुन्ह्याचे मूळ

गुन्हा म्हटला की चोरी, दरोडा वा खून डोळ्यांपुढे येतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत शरीर, मालमत्ता व सार्वजनिक शांतता यांविरुद्धच्या अपराधांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. परंतु ग्रामीण भागातील पुष्कळशा मारामाऱ्यांचे मूळ बांध, पाणंद, पाटाचे पाणी किंवा भाऊबंदकी यांत असते. बेकारी व व्यसन त्यात भर घालतात.

हे मूळ ओळखून महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावातील समितीने तंट्यांची नोंद घ्यावी, दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवावे आणि सामोपचाराने तडजोड घडवावी, अशी ही योजना होती. नवे तंटे उद्भवू न देणे, हाही तिचा हेतू होता.

मात्र तडजोडीला मर्यादा आहेत. खून, बलात्कार, हुंड्यासाठी छळ किंवा दलितांवरील अत्याचार ही प्रकरणे गावाने मिटवावयाची नसतात. तेथे पीडितावर दडपण आणणे हा दुसरा अन्याय ठरतो. पोलिसांत तत्काळ फिर्याद देणे हेच कर्तव्य होय. बांधाचा वाद मात्र वेळीच मिटला, तर उद्याची कुऱ्हाड उचललीच जात नाही.