गेटाची खबर घेऊन दिवस ठरव

छोटे, फोनवर म्हणायलीस ते सगळं ऐकलं. मैत्रिणी मिळून विष्णुपुरीच्या पाण्यात कयाक घालायची, पुण्याहून हवा भरायच्या कयाक यायल्यात, दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरायचा. मला मनापासून आवडलं. आपल्या अर्धापूरच्या पोरी गंगेवर जातात त्या दर्शनाला, नाहीतर अस्थी घेऊन. निव्वळ पाण्यावर फिरायला म्हणून कोण जातं? तू जा. फक्त आधी माझं ऐकून घे.

तिथली गोदावरी तुला संथ दिसते, कारण ती अडवलेली आहे. तो शंकरसागर म्हणजे धरणाचा जलाशय, आणि त्याचा संथपणा गेटाच्या हातात आहे. नांदेडला आभाळ कोरडं असलं तरी वर पैठणला नाथसागरातून पाणी सुटलं, किंवा येलदरी-सिद्धेश्वरमधून पूर्णेत सुटलं, की ते वाहत इकडेच येतं. मग विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागतात. म्हणून मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज तुला अर्धाच उपयोगाचा. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आधी स्वतः जा. कयाक उतरवायची परवानगी आहे का, असेल तर कोणत्या काठाने, आणि त्या दिवशी विसर्ग आहे का, हे तिन्ही विचार. ‘नाही’ म्हणाले तर हुज्जत घालू नको. ‘हो’ म्हणाले तरी निघायच्या सकाळी विसर्गाचं पुन्हा विचार.

दिवाळीनंतर लगेच जाऊ नको, बाई. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो. मार्गशीर्ष धर. तेव्हा जलाशयात पाणी असतं, गढूळपणा खाली बसलेला असतो, ऊनही सोसतं. चैत्रात पाणी मागे सरकतं आणि काठाला गाळ उघडा पडतो. त्यात पाय रुतला की चप्पल आतच.

धरणाच्या भिंतीपासून लांब राहा. विष्णुपुरी ही उपसा योजना आहे, नदीतून पाणी उचलणारे मोठाले पंप तिथे आहेत. अशा पंपांच्या तोंडाशी पाणी वरून गप्प दिसतं आणि खालून ओढ असते. भिंत पाठीशी ठेवून वरच्या अंगाला वल्हवत जायचं. गेटांच्या खालच्या बाजूला तर उतरायचंच नाही.

वाऱ्याचंही गणित आहे. सकाळी पाणी सपाट असतं, ऊन चढलं की वारा उठतो आणि फुगवलेली कयाक हलकी असल्यामुळे कुठल्या कुठे जाते. धुकं निवळलं की निघा, अकराच्या आत परत या. वारा समोरून घेत जायचं म्हणजे दमलेल्या हातांनी परतताना तो पाठीशी असतो. नवख्या माणसाचा वेग तासाला तीन-चार किलोमीटर धर. त्या हिशोबाने दीड किलोमीटरवर मागे फिरलीस तर मध्ये थांबायला, बगळे-पाणकावळे बघायला वेळ उरतो. उगाच लांबचं ठिकाण ठरवू नको.

काठावरच्या भोईदादांना विचारल्याशिवाय वल्हं पाण्यात घालू नको. खडक कुठे, जाळी कुठे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे समज आणि वळसा घाल. ते जाळं म्हणजे कुणाची तरी रोजी आहे.

लाइफ जॅकेट प्रत्येकीला, पोहता येणारीलाही. घालून, पट्टे आवळून, दुसरीला खांद्यावर धरून वर ओढायला सांग. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. आणि निघण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून बघा. उलटलं तरी कयाक सोडायची नाही, तिला धरूनच राहायचं, वल्ह्यामागे पोहत जायचं नाही. पोटावर पडून पुन्हा वर चढायला जमलं की भीती निम्मी जाते. हे जमल्याशिवाय एकीनेही खोल पाण्यात जायचं नाही, ती कितीही रुसली तरी.

कुणाला अगदीच धाकधूक असेल तर पहिला दिवस तारकर्लीला शिकवणाऱ्यांसोबत काढा. कर्ली नदी तिथे संथ आहे, पण तिला भरती-ओहोटी आहे. भरतीबरोबर वर जायचं, आणि ओहोटीला देवबागच्या संगमाकडे रेंगाळायचं नाही, तिथे पाणी समुद्राकडे खेचतं.

ओढणी घरी ठेव. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, मागे पट्टा असलेल्या चपला. पाळी आली म्हणून बेत मोडू नको; कप वापरत असशील तर काहीच अडत नाही, नसशील तर काठावर थांबायचं की नाही ते तुझं तू ठरव, कुणाला कारण सांगायची गरज नाही. कपडे बदलायची जागा मात्र आदल्या दिवशीच बघून ठेवा. उघड्या काठावर आडोसा शोधत फिरण्यात अर्धा आनंद जातो. शिट्टी गळ्यात, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपली केळी घे. वल्हवून आल्यावर केळ्यासारखं दुसरं काही नाही, आणि त्यासाठी अर्धापूरकरांना दुकान शोधावं लागत नाही. सालं मात्र परत आणायची. नांदेड शहर तेच पाणी पितं.

आईला अजून काही बोलू नको. ऑफिसातून ‘हो’ आलं की मीच सांगते, आणि त्या दिवशी काठावर मी थांबते. तुम्ही किती जणी, कुठवर जाणार, किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून माझ्या हातात दे. त्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला तर मी तुमच्या हाकेची वाट बघणार नाही, सरळ भोईदादांची नाव पाठवीन.