हरणाऱ्या संघाची आशा



14 ऑक्टोबर 2025 रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताचा 2-1 असा पराभव केला. पहिला गोल छांगटेने आपल्याच बाजूने केला होता, तरीही सामना हातचा गेला आणि 2027 च्या आशियाई चषकाचे दार आपल्याला बंद झाले. त्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या युवक मंडळातला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "फादर, आता बस्स. मी फुटबॉल बघणं सोडलं. आशा तरी किती करायची?" शेजारी उभे असलेले एक काका हसून म्हणाले, "अरे, क्रिकेट बघ, सुखी राहशील." भंडाऱ्यात हा सल्ला फुकट आणि पावलोपावली मिळतो.

आम्ही त्या दिवशी त्याला नीट उत्तर दिले नाही. प्रश्न मात्र मनात राहिला. श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन दैवी सद्गुण आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असतात. त्यातल्या आशेविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. म्हणून या आठवड्याचा अभ्यास त्या मुलाच्या प्रश्नावर.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या चार खुणा सांगितल्या आहेत. जिची आशा करायची ती गोष्ट चांगली हवी, अजून हाती न आलेली हवी, मिळायला कठीण हवी आणि तरीही शक्य हवी. कठीण नसेल तर ती नुसती इच्छा. शक्य नसेल तर तिथे निराशा. आशेचे शत्रूही त्यांच्या मते दोन आहेत. निराशा आपल्याला ठाऊक आहे. दुसरा शत्रू म्हणजे फाजील खात्री, आणि तो आपल्या ध्यानात येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले, सप्टेंबरमध्ये मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून संघ तिसरा आला आणि आपली मुले लगेच आशियाई चषकाच्या गप्पा मारू लागली. महिनाभरात त्यांना वाटले, सगळे संपले. आधीची ती फाजील खात्री होती. तीच उलटी होऊन पडली, आणि या भानगडीत आशेची अजून सुरुवातही झाली नव्हती.

खालिद जमील यांचीच गोष्ट पुढे सांगण्यासारखी आहे. मुंबई एफसी हा संघ 2007 साली उभा राहिला, पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून आय-लीगमध्ये आला. विजेतेपद त्याच्या वाट्याला कधी आले नाही. 2009 ते 2016 जमील त्याचे प्रशिक्षक होते आणि बहुतेक हंगामांत प्रश्न एकच असायचा, यंदा खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचू का? दरवर्षी वाचले. लोक यावर हसत. आम्हाला मात्र ही आशा तिच्या मापाची, प्रामाणिक वाटते. गोष्ट कठीण होती, शक्यही होती, आणि त्यांनी मागितले तेवढेच होते.

मग 2016 मध्ये जमील तिथून निघाले आणि मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे काही संघ बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेण्यात आले होते. 30 एप्रिल 2017 रोजी तोच ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला. ईशान्य भारतातल्या संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला व पुढे बंदच झाला.

प्रवचनात अशी गोष्ट सांगताना आम्ही धर्मगुरू सहसा ऐझॉलपाशी थांबतो. ते सोपे असते. पण मुंबई एफसीच्या मागे दहा वर्षे उभ्या राहिलेल्या माणसांचे काय? त्यांची आशा काही कमी खरी नव्हती. आशा म्हणजे निकालाची हमी, असे ज्याने त्यांना सांगितले असेल त्याने त्यांना फसवले.

इथे आणखी एक अडचण आहे. आपला धान पिकवणारा शेतकरी पावसाची आशा करतो तेव्हा तो बांध घालतो, रोवणी करतो, आशेला त्याच्या हातांची जोड असते. चाहता काय करणार? तो भंडाऱ्यात मोबाईलपुढे बसलेला, गोल होणार फातोर्ड्यात. दुसऱ्याच्या पायावर आपण आशा ठेवू शकतो का? हा प्रश्नही संत थॉमस यांनी घेतला आहे. त्यांचे उत्तर असे की एरवी माणूस स्वतःसाठीच आशा करतो, पण प्रीतीने दुसऱ्याशी जोडला गेला की त्याच्यासाठीही, जणू स्वतःसाठीच, आशा करू शकतो. परीक्षेला बसलेल्या मुलाची आई ओळखते हे. पेपर ती लिहीत नाही. म्हणजे चाहत्याची आशा खेळाडूंच्या ताकदीच्या हिशेबातून येत नाही, जोडलेपणातून येते. हिशेब करावाच, गुणतक्ता पाहावाच, पण तक्ता बिघडला म्हणून नाते तुटत नाही.

पोप फ्रान्सिस यांना हे चांगले माहीत होते. ब्यूनस आयर्समधला सान लोरेन्सो हा त्यांचा लहानपणापासूनचा संघ. 1908 साली स्थापन झालेल्या या संघाला लोरेन्सो मासा या सलेशियन धर्मगुरूंचा आधार होता. 1979 मध्ये संघाचे जुने मैदान गेले, पुढे तिथे सुपरमार्केट उभे राहिले. 1981 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. 1982 चा हंगाम दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला, पण लोक इतक्या संख्येने पाठीशी आले की ते वर्ष तिथे अजून आठवले जाते. त्या वर्षी संघ पुन्हा वर चढला. दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च चषक त्याने 2014 मध्ये जिंकला, तेव्हा त्यांचा हा चाहता रोममध्ये पोप झालेला होता. आणि त्यांनी 1990 पासून दूरदर्शन पाहणेच सोडले होते! सामन्यांचे निकाल आणि तक्ता त्यांना एक स्विस रक्षक कळवत असे. 21 एप्रिल 2025 रोजी ते देवाघरी गेले. ते वर्ष त्यांनीच आशेचे ज्युबिली वर्ष म्हणून जाहीर केले होते.

तर, युवका, बघणे सोडलेस तरी चालेल, असे आम्ही त्या मुलाला नंतर सांगितले. मग नागपूरचे विजय बारसे आठवले. हिस्लॉप महाविद्यालयातले हे क्रीडाशिक्षक. झोपडपट्टीतली मुले भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना त्यांनी पाहिली आणि 2001 मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. 'झुंड' हा 2022 चा चित्रपट त्यांच्यावरच आहे. आपल्यापासून ते मैदान तासा-दीड तासावर.

मुलाने ऐकून घेतले. पटले की नाही, सांगता येत नाही. 18 नोव्हेंबरला भारत ढाक्यात बांगलादेशकडूनही 1-0 ने हरला, तेव्हा रात्री आम्हाला त्याचाच फोन आला. पाऊण तास तो बचावफळीवर बोलत होता.

चर्चच्या आवारात दर रविवारी संध्याकाळी लहान मुले खेळतात. त्यांना शिकवायला मोठ्यांपैकी कोणी हवे आहे. चेंडूत हवा भरायचा पंप सभागृहाच्या कपाटात आहे, चावी आमच्याकडे मागावी.