दोराचं खालचं टोक

१. चढणाऱ्याइतकाच, कधी कधी त्याच्याहून जास्त, खाली दोर धरणारा महत्त्वाचा असतो, हे मला फार उशिरा उमगलं. सुरुवातीला सगळ्यांचे डोळे वर: लीड कोण करतंय, म्हणजे सगळ्यात पुढे कोण चढतंय, कुठल्या खाचेत बोटं रोवली. जीवधनजवळची वानरलिंगी म्हणजे साडेतीनशे-चारशे फुटी उभा सुळका. आमचा लीडर एका फुगवट्याआड गेला आणि बिले देणाऱ्या, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळणाऱ्या, मला त्याची खबर फक्त दोरातून मिळू लागली. दोर वीतभर सरकायचा, थांबायचा, पुन्हा वीतभर. मग बराच वेळ काहीच नाही. मान अवघडते, ऊन डोक्यावर येतं, बाजूला कुणी चहाची गोष्ट काढतं; ब्रेकचा हात मात्र दोरावरून सुटता कामा नये. वरचा माणूस निसटलाच, तर त्याला थोपवायचं काम त्या हाताचं.

२. आपली गाठ दुसऱ्याने पाहिल्याखेरीज पाय उचलायचा नाही. 1989 मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिल ही जगातली अव्वल आरोहक दोर बांधता बांधता दुसऱ्या कशात गुंतली आणि गाठ अर्धवट राहिली. वर पोचून ती दोरावर रेलली आणि थेट खाली आली. झाडामुळे वाचली. पुढे 1993 मध्ये एल कॅपिटान या कड्यावरचा ‘द नोज’ हा मार्ग मुक्त पद्धतीने, म्हणजे वर जायला दोराचा आधार न घेता, चढणारी पहिली व्यक्ती तीच. म्हणजे कौशल्य कमी होतं म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणूच शकत नाही. आमच्यातले सगळ्यात जुने दादा आजही निघण्याआधी नवख्या पोरापुढे उभे राहतात आणि म्हणतात, “बघ रे, नीट आहे का?” पोरगं लाजतं, पण बघतं. मला ही पद्धत मनापासून आवडते.

३. सामान म्हातारं होतं, पण सांगत नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत नामवंत आरोहक टॉड स्किनर गेले, ते हार्नेसचा, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा, झिजलेला बिले लूप तुटल्यामुळे. म्हणून मोहिमेच्या आदल्या रात्री मी अख्खा दोर बोटांमधून सरकवत नेते. कुठे पोचट लागतो, कुठे आवरण फुगलंय, कुठे चपटा झालाय, हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. आणखी एक: रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरण्याचा, स्टॅटिक दोर लीडला चालत नाही. चढणारा पडला की लीडचा डायनॅमिक दोर ताणला जातो आणि हिसका स्वतः घेतो. स्टॅटिक दोर तोच हिसका आपल्या कमरेला देतो.

४. सह्याद्रीचा दगड एकसारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, मध्येच लाल मातीचा मऊ पट्टा. पावसाळ्यानंतर तर काल पक्का असलेला धोंडा आज हलतो. हातोडीने ठोकला की घट्ट कातळ खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. वरून “दगऽड!” अशी आरोळी आली की मान वर करायची नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट तर खाली जेवत बसलेल्यांनीही घालावं. आणि आग्या मोहोळ! कपारीत ते दिसलं की मार्ग बदलायचा किंवा परत फिरायचं, त्यावर चर्चा नको.

५. अनुभव संरक्षण देतो, हमी देत नाही. सह्याद्री पायाखाली घातलेले गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दरीत पडून गेले. याविषयी जास्त लिहवत नाही.

६. ताकद हातांची लागते असं वाटायचं. खरं काम पायांचं. नवखा माणूस हातांनी ओढत राहतो, त्याच्या कोपराखालचे स्नायू फुगून दगडासारखे होतात आणि शेवटी मूठही वळत नाही. बोटांत मुख्यतः हाडं आणि स्नायुबंध असतात, ती चालवणारे मुख्य स्नायू कोपराखाली. हे स्नायू महिन्या-दोन महिन्यांत बळावतात, पण बोटांतले स्नायुबंध फार सावकाश तयार होतात. अंगात जोर आला म्हणून बारीक पकडींवर लटकायला गेलेली उत्साही मुलं दुखरं बोट धरून बसतात, ती याचमुळे. टाच खाली, वजन पायावर, हात शक्य तितका सरळ.

७. दृष्टिभय जात नाही. खालची दरी आजही पोटात गोळा आणते. बदललं ते एवढंच की भीती आली तरी मला पुढची पकड दिसते. मी श्वास सोडते, पाय कुठे आहे ते पाहते आणि मग हलते. पाठ-खांदे सुधारले, झोप गाढ झाली, हे फायदे आहेतच; पण घरी आजारपण आलं तेव्हा इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उपयोगी पडली ती हीच सवय.

८. 2016 मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला. आता शहरांतल्या कृत्रिम भिंतींवर शाळकरी मुलं सुरेख चढतात. बोल्डरिंगला दोर नसतो, गाद्या असतात. तरी खाली अनेकदा कुणीतरी हात पुढे करून उभं असतं. या मुलांच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: मूल दोराच्या भिंतीकडे वळलं की त्याला पहिल्याच आठवड्यात बिले द्यायला शिकवा. मोठ्या माणसाने मागे दोर धरून उभं राहावं, पण ब्रेकचा हात त्या मुलाचाच असू द्या.