काचेतला रंकाळा

आमचे सोनमासे मेले तेव्हा टाकीतले पाणी आरशासारखे स्वच्छ होते. ही गोष्ट मला फार दिवस छळत राहिली.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात जेमतेम ४५ लिटर पाणी मावते. त्यात धाकट्या बहिणीचे आठ सोनमासे. पाणी गढूळ दिसू लागले म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी टाकी रिकामी केली, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख होईपर्यंत पिळला आणि ताजे पाणी भरले. चौथ्या दिवशी सकाळी पाच मासे तरंगताना दिसले. दुकानदाराने निदान केले, ‘‘फिल्टर लहान पडला.’’ मी दुप्पट ताकदीचा आणला. त्यानंतर आणखी एक गेला. बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्राच्या पुस्तकांत डोके खुपसण्याचे कारण एवढेच!

माझी चूक अशी होती. फिल्टर म्हणजे गाळणी, असे मी समजत होतो. गाळणी तो आहेच. पण कचरा अडवणे हे त्याचे दुय्यम काम. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. तो पाण्यात विरघळतो, डोळ्यांना दिसत नाही आणि कोणत्याही स्पंजात अडकत नाही. त्याचा बंदोबस्त करतात ते स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करून राहिलेले जीवाणू. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विषारी. तिसरा त्यामानाने बराच सौम्य. दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतो असे जुनी पुस्तके सांगत. घरगुती टाक्यांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ साली दिसून आले. हे जीवाणू अतिशय सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे जातात. मी ती वस्ती एका दुपारी उकळत्या पाण्याने आणि क्लोरीनच्या पाण्याने उठवली होती. मग दुप्पट ताकदीची मोटार काय करणार? रिकाम्या घरातून पाणी दुप्पट वेगाने फिरले, इतकेच.

तेव्हा फिल्टर किती हवा, हा प्रश्न टाकीला विचारायचा नसून माशांना आणि आपल्या हाताला विचारायचा. तासाला टाकीच्या चौपट-पाचपट पाणी फिरवणारा फिल्टर घ्यावा, असा दुकानी हिशेब आहे. तो अगदीच चूक नाही. पण त्यात किती मासे, किती खाद्य, हे कुठेच येत नाही. शिवाय या जीवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो: अमोनियातील एक ग्रॅम नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यातच वीज गेली की मासे आणि जीवाणू दोघेही एकदमच गुदमरू लागतात.

फिल्टर अजिबात नसला तर? लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० च्या सुमारास तेच करून पाहिले. मोठ्या पात्रात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी. मोटार नाही, स्पंज नाही, तरी पात्र टिकले. मासे दोनच, हे मात्र विसरू नये.

आपल्याला याचा दाखला लंडनहून आणायला नको. रंकाळ्याच्या काठावर वाढलेल्या माणसाने केंदाळ पाहिले नाही असे होणार नाही. तळ्यात सांडपाणी मिसळले, नत्र आणि फॉस्फरस वाढले की ते फोफावते. केंदाळ हे एका अर्थी तळ्याने स्वतःच काढलेले फिल्टर आहे. ते पाण्यातला नत्र पिऊन वाढते. बाहेर ओढून काढले तर तो नत्रही बाहेर येतो. जागीच कुजू दिले तर सारे पुन्हा पाण्यात, आणि प्राणवायू संपतो तो वेगळाच. वरून भार येत राहिला तर कारंजी उडवून तळे सुधारत नाही. माझ्या टाकीचे तरी दुसरे काय झाले होते?

उरलेले दोन सोनमासे ‘रंकाळ्यात सोडा’ असे शेजारच्या काकांनी सुचवले. परका मासा तळ्यात सोडणे मला पटेना. सोनमासा वीतभर वाढतो, त्याला ४५ लिटर कसे पुरावेत? एका मित्राच्या वाड्यातील मोठ्या हौदात ते गेले. आता टाकीत सहा झेब्रा मासे, भरपूर पाणवनस्पती आणि तोच पहिला, लहान फिल्टर आहे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवतो. स्पंज बदललेल्या त्याच जुन्या पाण्यात हलकेच पिळतो, नळाखाली नाही. खाद्य घालण्याचे काम बहिणीने स्वतःकडे घेतले आहे. माझ्या हातात डबी द्यायला ती अजून तयार नाही.