जुना बेलर घेताना

मागच्या फाल्गुनातली गोष्ट आहे. माझा भाचा उंबऱ्यातूनच बोलू लागला, "मामा, शिरपूरकडे एक जुना बेलर विकाऊ शे. भाव बी बरा शे. सकाळी चला ना माझ्यासंगे."

मी म्हटले, "आधी आत ये, पाणी पी. मग यंत्राचं बोलू."

बेलर म्हणजे काय, ते आधी पाहू. हार्वेस्टर गहू कापून पुढे जातो. त्याच्या मागे काडाची ओळ पडते. बेलर हे यंत्र ट्रॅक्टरला जोडतात आणि त्या ओळीवरून चालवतात. पुढचे लोखंडी दाते काड उचलून आत देतात. आत चहूबाजूंनी रूळ फिरत असतात. त्यांच्यामध्ये काड गुंडाळले जाते, जशी आपण सतरंजी गुंडाळतो तसे. पोट भरले की ट्रॅक्टर थांबवायचा. मग गोल गठ्ठ्याभोवती सुतळीचे वेढे बसतात, सुरी सुतळी कापते, मागचे दार उघडते आणि गठ्ठा जमिनीवर पडतो. अमेरिकेत १९४७ साली एका कंपनीने असे गोल गठ्ठ्यांचे यंत्र बाजारात आणले. १९७१ पासून तिकडे माणसाच्या उंचीचे, शेकडो किलोंचे गठ्ठे होऊ लागले. आपल्या लहान ट्रॅक्टरचा गठ्ठा मात्र एका माणसाला उचलता येतो. वजन साधारण २० किलो धरा.

काडाची किंमत मला कोणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. कडबा संपला, तेव्हा वडिलांनी बैलजोडी विकली. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. आज त्याच शिवारात हार्वेस्टर गेला की लोक काडाला काडी लावतात आणि वैशाखात चारा विकत आणतात!

पण काड मोलाचे आहे म्हणून यंत्र घ्यावेच, असे नाही. मी भाच्याला पाटी आणायला सांगितली. त्याच्याकडे दोन बैल आणि दोन म्हशी. दर जनावरामागे रोज ६ किलो काड धरले, तर चौघांना २४ किलो लागते. उन्हाळ्याच्या १२० दिवसांचे झाले २,८८० किलो. २० किलोचा एक गठ्ठा, म्हणजे १४४ गठ्ठे. एवढे गठ्ठे भाड्याच्या बेलरने एका दिवसात होतात. मग घरचा बेलर कशाला?

भाचा म्हणाला, "मी लोकांचं भाड्यानं करीन ना."

"बरं, मग तेही मांड." समजा यंत्र १,५०,००० रुपयांना पडले. डिझेल, सुतळी आणि मजुरी वजा जाता गठ्ठ्यामागे १० रुपये सुटले. पैसे निघायला १५,००० गठ्ठे हवेत. दिवसाला ३०० गठ्ठे झाले तरी ५० दिवस लागतात. आपल्याकडे गव्हाचा हंगाम फार तर महिनाभराचा. म्हणजे दोन हंगाम, तेही यंत्र मोडले नाही तर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण यंत्र पाहायला जाण्याआधी ते मांडा. यंत्रासमोर उभे राहिल्यावर हिशेब सुचत नाही.

दुसरे असे, की लहान बेलर सगळे पीक बांधत नाही. मक्याची जाड ताटे आणि दादरचा कडबा त्यात नीट जात नाही. कडब्याच्या पेंढ्या हातानेच बांधाव्यात. जिथे थ्रेशरने गहू काढतात, तिथे भुसाच होतो. बेलरला काम नाही. चहार्डीकडच्या उसाचे पाचट बांधता येते, पण माझे मत विचाराल तर पाचट शेतातच कुजू द्यावे. जमिनीलाही चारा लागतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. बरोबर मिस्त्रीला घेतले. यंत्राला नवा पिवळा रंग दिलेला होता. भाचा खूश झाला. मिस्त्री मात्र खाली वाकला आणि आधी पाटी शोधू लागला. यंत्राला किती एच.पी. लागते आणि शाफ्टचे फेरे किती, ते पाटीवर लिहिलेले असते. तुम्हाला आता वाचता येते, तेव्हा ती पाटी तुम्हीच वाचा. फेरे बहुधा मिनिटाला ५४० असतात. या यंत्राला पाटीच नव्हती. मालक म्हणाला, "कोणत्याही ट्रॅक्टरला चालतं, आप्पा."

असे नसते. भाच्याचा ट्रॅक्टर २८ एच.पी.चा. इंजिनाची सगळी शक्ती मागच्या पीटीओ शाफ्टवर येत नाही, काही वाटेतच खर्च होते. यंत्राला ३५ लागत असेल, तर गठ्ठा भरत आला की इंजिन दबते, धूर ओकते. मागे उचलून धरायचे यंत्र जड असेल, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. दार तेलाच्या दाबाने उघडत असेल, तर नळी जोडायला आपल्या ट्रॅक्टरला जागा आहे का, तेही घरून पाहून जावे.

मग मिस्त्रीने एकेक भाग तपासला. दोन-चार दाते तुटलेले होते. तो म्हणाला, "हे चालतं. दाते नवे मिळतात." त्याने चेन बोटाने ओढून पाहिली. ती चाकापासून सुटून वर आली, म्हणजे झिजून लांबली होती. चाकाचे दात विळ्यासारखे वाकले होते. रूळ हाताने हलवला तर खडखडला. बेअरिंग गेलेले होते. गिअरबॉक्समधले तेल बोटावर घेतले. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे, आणि चमकणारा चुरा दिसला तर दात झिजताहेत.

शेवटी त्याने शाफ्टजवळचा एक बोल्ट दाखवला. हा बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवतात. यंत्रात काही अडकले की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट तुटणे हे नुकसान नव्हे, ती राखण आहे. इथे त्या जागी वेल्डिंग केले होते! मिस्त्री हात पुसत उठला. "चला, भाऊ," एवढेच बोलला. येताना भाचा गाडीवर गप्प होता.

आठ दिवसांनी लासूरकडे दुसरा बेलर पाहिला. रंग उडालेला, पत्र्याला गंज. पण पाटी जागेवर होती आणि त्यावर २५ एच.पी. लिहिले होते. चेन ताठ होती. दार उघडून थोडा वेळ ठेवले, खाली लाकडाचा टेका दिला. दार आपोआप बसले नाही. आम्ही म्हटले, "आता शेतात चालवून दाखवा." मालकाने लगेच ट्रॅक्टर जोडला. वीस गठ्ठे होऊ दिले. एका गठ्ठ्यावर पाय देऊन पाहिले, तो घट्ट होता. दोन गठ्ठ्यांची सुतळी कापली गेली नाही. सुरी बोथट होती, ती काही महाग नाही. यंत्र थांबवल्यावर बेअरिंगांजवळ हात नेऊन पाहिला. एखादे फार तापत असेल तर तिथे सुके काड पेट घेते. कुठे चटका बसला नाही.

कागदाचे मीच पाहिले. मूळ पावती मागितली. यंत्रावर बँकेचे कर्ज होते, ते फिटल्याचे पत्र वाचले. मग विक्रीची चिठ्ठी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक गोष्ट लक्षात ठेवा. सरकारी अनुदान नव्या यंत्राला असते, आणि विकत घेण्याआधी पूर्वसंमती लागते. म्हणून आधी कृषी कार्यालयात विचारावे. कधी कधी अनुदान धरून नवे यंत्र जुन्याच्या जवळपास पडते.

त्या शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण नव्हते. मी म्हटले, आवरण बसेपर्यंत यंत्र शेतात जाणार नाही. फिरत्या शाफ्टला उपरण्याचे किंवा पदराचे टोक लागले, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका माणसाने चालू यंत्रातून अडकलेले काड ओढले. त्याची तीन बोटे गेली. काड अडकले तर ट्रॅक्टर बंद करायचा, किल्ली खिशात टाकायची, चाके थांबलेली डोळ्यांनी पाहायची आणि मगच हात घालायचा.

काड ओले असताना बांधू नये. सकाळी दव असते. मूठभर काड पिळून पाहावे, कडकड मोडले तर बांधावे. ओला गठ्ठा आतून तापतो, त्याला बुरशी लागते आणि ते खाऊन जनावर आजारी पडते. गंजी रचताना खाली बाभळीची लाकडे टाकावीत.

भाच्याने पहिल्या दिवशी ऊन चढल्यावर यंत्र जोडले. दुपारपर्यंत ११० गठ्ठे झाले आणि सुतळी संपली. तो चोपड्याला सुतळी आणायला गेला. तेवढ्यात शेजारचे बापू बांधावर येऊन मला विचारू लागले, "गुरुजी, आमचा नंबर कधी?"